तोंडात गंगा, हातात गौर

मला गप्प बसता येत नाही. आई म्हणायची, या पोरीला जीभ देताना देवाचा हात जरा सैल सुटला. जन्मभर शाळेत मुलींना हिंदीतून भूगोल शिकवला, घरी येऊन मराठीतून भांडले, आणि निवृत्त झाल्यापासून दोन्ही भाषांना सारखाच वेळ देते. तेव्हा ज्या दिवशी नदीपासून घरापर्यंत तोंडातून एक अक्षर न काढता मला चालावं लागलं, त्या दिवसाचं सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

राहते मी बनारसला, दूधविनायकाच्या गल्लीत, दादा आणि वहिनीबरोबर. आमचे पूर्वज कोकणातून इथे कधी आले ते दादा सांगतो, पण दर वेळी वेगळं सांगतो. गल्लीत मराठी घरं आता थोडीच उरलीत. जी आहेत ती एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

माझं लग्न झालेलं नाही आणि मूलबाळही नाही. मी केलं नाही, एवढंच त्याचं कारण. स्थळं आली होती. नागपूरचा एक तर चांगला हसरा होता, पोहे दोनदा मागून घेतले त्याने. पण मला माझी खोली आवडायची, शाळा आवडायची, सुट्टीत पिशवी उचलून एकटीने कुठेतरी जायला आवडायचं, आणि त्याच्यामागून नागपूरला जावंसं काही वाटलं नाही. बस्स! हे इतकं साधं आहे की कुणाचं समाधानच होत नाही. मराठी बायका विचारतात, पत्रिकेत मंगळ होता का गं? हिंदी बायका आवाज खाली आणून विचारतात, किसी ने धोखा दिया था क्या? ई-रिक्षात शेजारी बसलेली अनोळखी बाई दोन वळणं जायच्या आत 'बच्चे कितने हैं' वर येते, आणि नाहीत म्हटलं की माझ्या मांडीवर हात ठेवून 'हाय राम' म्हणते. अगं बाई, मी मजेत आहे! पण तिला ते ऐकायचंच नसतं, तिचा स्टॉप येईपर्यंत ती माझी मांडी थोपटत राहते.

एकदा वैतागून मी कोपऱ्यावरच्या एकीला सांगून टाकलं की माझे पती हिमालयात साधनेला गेलेत. मला वाटलं, हसेल आणि विसरेल. कुठलं काय! तेव्हापासून दिसली की जवळ येते आणि हळूच विचारते, 'लौटे?' मी मान हलवते. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. आता खरं सांगून तिला दुखवायचं माझ्या जिवावर येतं.

तर गौर. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. भाद्रपदात गणपती बसले की पाठोपाठ त्यांचा दिवस येतो. घरातली बाई नदीवर जाते, पाण्यातून सात खडे काढून वाटीत घेते, वर तेरड्याची फुलं ठेवते, आणि तोंडात नदीच्या पाण्याची चूळ धरून घरी येते. पुढे कुणीतरी घंटा वाजवत चालतं. वाटेत तिने बोलायचं नाही. शब्द निघाला, चूळ सुटली, की खडे परत न्यायचे आणि पुन्हा आणायचे. दुसऱ्यांकडे वेगळं असेल, आमच्या घरची रीत ही अशी. आणि आणणारी बाई सवाष्ण हवी, नाहीतर कुमारिका.

आता गंमत बघा. बनारसच्या गंगेत खडेच नाहीत! हिमालयात निघालेला दगड इथवर येईतो झिजून झिजून त्याचा गाळ होतो, हे मी स्वतः फळ्यावर नदी काढून शिकवलंय. आमच्या पूर्वजांनी कोकणातून रीत बरोबर आणली आणि खडे आणायला कुणाला सुचलं नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी मुन्शी घाटापर्यंत चालत जाते आणि पायऱ्यांचे तुटून गुळगुळीत झालेले दगडाचे तुकडे वेचून आणते. ते कपाटात डब्यात राहतात. गौरीच्या दिवशी घाटावर नेऊन गंगेत बुडवायचे, आणि जणू आत्ताच सापडले असे बाहेर काढायचे. गौरीला हे सगळं माहीत आहे आणि तिची काही हरकत नाही.

लहानपणी गौर मीच आणायची. परकर सावरत, गाल फुगवून, दादाच्या मागे मागे. वहिनी लग्न होऊन आली आणि तो मान तिच्याकडे गेला. त्याचं मला काही वाटलं नाही, सून आली की मान सुनेचाच. पण पुढे एका वर्षी ऐन गौरीच्या दिवशी वहिनीला अडचण आली. मी तेव्हा चाळिशीची असेन. मी आपली साडी नेसून, वाटी घासूनपुसून तयार! आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेजारून एका सवाष्णीला बोलावून घेतलं. 'तू आत दूध बघ, उतू जाईल,' एवढंच ती मला म्हणाली. कुमारिका कधीपर्यंत असते ते मला त्या दिवशी कळलं. मी रडले नाही. पण दूध मात्र उतू गेलं.

त्यानंतर दर वर्षी गौर दारात आली की माझे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळायचे. कुणी सांगायला लागायचं नाही. दारात वहिनी गौर घेऊन उभी, आई असेतो आई आणि नंतर दादा विचारायचा, 'गौर आली, कशाच्या पावलांनी आली?' आणि मी आतून, दुधापाशी उभी राहून, ओरडून उत्तर द्यायची, 'सोन्यारुप्याच्या पावलांनी आली!' एवढं माझं काम. बाकी माझं बरं चाललं होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पण ते एक होतं. नखाखाली गेलेल्या कुसळासारखं, वर्षातून एकदा दुखणारं.

या वर्षी वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती घरातल्या घरात फिरते, पण घाटाच्या पायऱ्यांचं नावही काढू नका असं डॉक्टरांनी बजावलं. दादा-वहिनीचा मुलगा आणि सून परदेशात. म्हणजे घरात बायका दोनच, एक ती आणि एक मी. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या. काकू ऐंशीला टेकल्यात. गल्लीत कुणाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्याच सांगतात, कुणी विचारलं नाही तरी. त्यांचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्याकडची गौर त्यांची सून आणते.

'काळजी करू नकोस हो,' काकू वहिनीला म्हणाल्या. 'आमची गौर आणून झाली की माझी सून तुमचीही आणून देईल.'

वहिनी दोडकी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, 'वन्सं आणतील.'

वन्सं म्हणजे मी. आमच्या घरात अजून ते चालतं. माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली. वहिनीने इतक्या वर्षांत माझ्यासाठी आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही, पण शब्द मागेही घेतला नाही. मला ती गौर आणायची होती. किती आणायची होती, ते माझं मलाच त्या क्षणी कळलं.

'अगं, पण हिला कसं चालेल?' काकूंनी मी तिथे नसल्यासारखं विचारलं. योगायोगाने गणपतीची पूजा सांगायला आलेले गुरुजी चहा घेत बसले होते. काकूंनी त्यांनाच धरलं. 'सांगा हो तुम्ही. कोणी आणायची गौर?'

'सवाष्णीने किंवा कुमारिकेने,' गुरुजी म्हणाले.

'मग? ही कुमारिका?'

गुरुजींनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग बशीतल्या चहाकडे. 'तशा... म्हणजे पाहायला गेलं तर... आहेतच की,' असं म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली ती बराच वेळ खाली आणली नाही. दादा पेपरामागे हसत होता, पेपर हलत होता.

'बरं, आणू दे,' काकू उठत म्हणाल्या. 'पण सांगून ठेवते. हिच्या तोंडात चूळ टिकायची नाही. गल्लीत कुणी काही बोललं की ही फाडकन उत्तर देणार. माझी सून साडी नेसून तयार बसेल. हिने तोंड उघडलं की ती जाईल घाटावर, आणि मग गौर तिच्याच हातून येईल. चालेल?'

'चालेल!' मी म्हणाले.

'बघ, लगेच बोललीस.'

गौरीच्या दिवशी मी आईची हिरवी रेशमी साडी नेसले. केसांत गजरा माळला. तेरडा आमच्या गच्चीवर कुंडीत आहे, इथे त्याला गुलमेहंदी म्हणतात. त्याची फुलं खुडली. दादा घंटा घेऊन पुढे आणि मी मागे, ब्रह्माघाटावर गेलो. गंगा चढलेली होती. वरच्या थोड्याच पायऱ्या उघड्या, खाली सगळं मातकट पाणी, आणि त्यात वाहून आलेली पानं, काटक्या, कुणाची तरी एक चप्पल. वाकून खडे बुडवले, बाहेर काढले, फुलं ठेवली, नमस्कार केला. आणि जोशात एवढी मोठी चूळ भरली की गाल टम्म फुगले. तोंडात गाळाची कचकच. जे जन्मभर शिकवलं ते त्या दिवशी दाताखाली आलं.

गल्लीच्या तोंडाशी पानवाला. त्याने मला पाहिलं आणि त्याचा चुना लावणारा हातच थांबला. 'का बहिनजी! आज त पान घुलत हौ!'

आता बनारसमध्ये गाल फुगलेल्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही. तोंडात पान आहे, म्हणजे तो मोठ्या कामात आहे, असं धरून चालतात. पण मी! जन्मात पान न खाल्लेली, पान खाऊन वर्गाच्या भिंतीवर पिचकारी मारणाऱ्या शिपायाला उभा-आडवा झोडणारी! मी डोळे वटारले. दादाला ऐकायला कमी येतं आणि हो म्हणायची सवय आहे. 'हाँ भाई, हाँ,' म्हणून तो घंटा वाजवत पुढे गेला. पानवाल्याने मला इतक्या आदराने हात जोडले, जितक्या आदराने निवृत्तीच्या दिवशीही कुणी जोडले नव्हते.

पुढे माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. लेक कडेवर, बरोबर सासू. 'मैम, प्रणाम!' मी मान लववली. ती वाट पाहत राहिली, मी पुढे निघाले. मागे सासूने विचारलेलं ऐकू आलं, 'ई के हईं?' आणि तिचं उत्तर, 'स्कूल में पढ़ाती थीं। शादी नहीं की, बाल-बच्चा कोई नहीं है। बेचारी।'

बेचारी! माझ्या जिभेवर उत्तर येऊन उभं राहिलं, धारदार, तिच्या सहामाहीच्या मार्कांसकट. गिळलं. पाणी नाही हो, उत्तर. आणि मी गप्प असल्यामुळे पुढचं वाक्यही कानावर आलं: 'पर नदियाँ ऐसी पढ़ाईं अम्मा, कि आज भी आँख मूँदकर पूरा नक्शा बना दूँ।' मला कसंसंच झालं. एरवी मी 'बेचारी'पाशीच तिला तोडलं असतं आणि हे ऐकायचं राहूनच गेलं असतं. इतक्या वर्षांत असं किती राहून गेलं असेल कोण जाणे. मागे वळायची सोय नव्हती, नाहीतर त्या लेकीचा गालगुच्चा घेतला असता.

आणि मग कोपरा. ती उभीच होती, हातात भाजीची पिशवी. रोज सुती साडीत, हातात छत्री घेऊन फिरणारी मी, आज रेशमी साडी, गजरा, पुढे घंटा, हातात फुलांची वाटी, आणि तोंडून शब्द नाही. तिने मला खालून वर पाहिलं. पिशवी हातातून सुटली, वांगी गल्लीत घरंगळली. दोन्ही हात जोडून ती ओरडली, 'लौट आए!'

अरे देवा! हसू असं उसळलं की पाणी नाकात गेलं, डोळ्यांतून आलं, ओठांच्या कोपऱ्यातून एक थेंब हनुवटीवर उतरला. मी भिंतीला टेकले. साडी नेसून तयार बसलेली काकूंची सून डोळ्यांपुढे आली. आईने हाक मारलेली ती सवाष्ण आठवली. मी ओठ असे आवळून धरले की जबडा दुखायला लागला. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून ती कोपऱ्यावरची बिचारी आणखीच रडायला लागली. 'हाँ, हाँ,' दादा तिला म्हणाला आणि त्याने घंटा जोरात वाजवली. झालं! म्हणजे माझा नवरा आला परत.

दारात वहिनी उभी होती, एका हातात वॉकर, एका हातात दूध-पाण्याचा तांब्या. तिला वाकता येत नव्हतं, तिने उभ्यानेच माझ्या पायांवर धार धरली, निम्मी साडीवर गेली. पायांना कुंकू लावायला बोटं पोचेनात, तिने ते माझ्या कपाळाला लावलं. काकू तपासायला आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी जवळ येऊन माझे गाल नीट पाहिले, हनुवटीवरचा थेंब वाळला होता. मग त्या वळल्या आणि आत स्वयंपाकघरात गेल्या.

वहिनीने विचारलं, 'गौर आली, कशाच्या पावलांनी आली?'

कुणीच बोललं नाही. कोण बोलणार? आतून उत्तर द्यायचं काम माझं होतं, आणि मी या वर्षी उंबऱ्याबाहेर, तोंडात पाणी घेऊन उभी होते. दादाला प्रश्न ऐकूच आला नव्हता, तो घंटा वाजवत होता. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती! उत्तराशिवाय गौर घरात घ्यायची कशी? वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. तिने पुन्हा विचारलं, यावेळी जरा मोठ्याने. 'गौर आली, कशाच्या पावलांनी आली?'

'सोन्यारुप्याच्या पावलांनी आली!'

आतून. दुधापाशी. काकू! खणखणीत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज. मी उजवा पाय आत टाकला.

मग आम्ही खोल्या फिरलो. वॉकर खटखट पुढे, मी मागे, आणि काकू मागून. देवघरात धनधान्याच्या पावलांनी, माझ्या खोलीत विद्येच्या पावलांनी, कोठीत भरल्या घराच्या पावलांनी. वहिनी विचारत होती आणि काकू एकाही ठिकाणी अडल्या नाहीत. खडे पाटावर ठेवले, अक्षता वाहिल्या, आणि मी परसातल्या तुळशीशी जाऊन चूळ सोडली. हुश्श! जबडा चोळत वळले तर मागे काकू उभ्या. वाटेत साठवलेली सगळी उत्तरं माझ्याकडे होती आणि सगळ्यात ताजं काकूंसाठी होतं.

'एवढी मोठी चूळ कुणी घेतं का?' त्याच आधी बोलल्या. 'वेडी कुठली! घोटभर घ्यायचं आणि जिभेखाली धरायचं. गाल फुगत नाहीत. मी आणायचे तेव्हा बघणाऱ्याला कळायचंही नाही तोंडात काही आहे म्हणून. सासूबाई म्हणायच्या, तुझ्यासारखी गौर कुणी आणत नाही.' मग त्यांनी पदराने हात पुसले, ओले नसलेले. 'आता सून आणते. आणते हो, चांगली आणते. मी आत असते. दूध बघते.'

मला ती जागा चांगली माहीत होती. गल्लीच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला काकू, एकाच वेळी, आपापल्या दुधापाशी उभ्या असणार इतकी वर्षं. तोंडावर आलेलं ताजं उत्तर कुठे गेलं कोण जाणे.

'पुढच्या वर्षी घाटावर चला माझ्याबरोबर,' मी म्हणाले. 'पायऱ्यांवर मी धरीन तुम्हाला. चूळ कशी घ्यायची ते दाखवा. येताना वाटी थोडा वेळ तुम्ही घ्या.'

जिने जन्मभर गल्लीला काय चालतं आणि काय चालत नाही ते सांगितलं, ती बाई माझ्या जवळ सरकली आणि लहान मुलीसारख्या आवाजात तिने विचारलं, 'मला चालेल?'

आणि मला बोलता येईना. तोंडात पाणी नव्हतं, काही नव्हतं, तरी येईना. आतून वहिनीच म्हणाली, 'चालेल, काकू.'